कड घालण्याआधी पाणी पाहा
वाचकांचे प्रश्न : वाफे आणि लॉनसाठी काँक्रीटची कड

मागच्या अंकात लॉनच्या कडेविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावरून बरीच पत्रं आली, म्हणून हे सदर या वेळी कडेलाच देते आहे. बागा आखणं आणि बांधणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या विषयावर मला मनापासून बोलावंसं वाटतं. लोक झाडं निवडायला महिनाभर लावतात, आणि कड मात्र गवंड्याला "इथून तिथपर्यंत घाला" एवढं सांगून उरकतात. पुढची कित्येक वर्षं पाणी कुठे थांबणार, गवत कुठे घुसणार, मॉवर (गवत कापायचं यंत्र) कुठे अडणार, हे सगळं त्या एका रेघेवर ठरतं.

ताई, आमचं लॉन साधारण दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे. तीन बाजूंना फुलझाडांचे वाफे आहेत, चौथ्या बाजूला घर. कड घालायची ठरवली आहे. मिस्त्री म्हणतात, उद्या दोरी लावून चर खणायला घेऊ. आधी काय काय ठरवायला हवं?

मिस्त्रींना थोडं थांबायला सांगा. दोरी लागण्याआधीचं एक काम तुमचं आहे, ते म्हणजे पाणी बघणं. लॉनच्या सगळ्यात उंच भागावर नळी सोडा आणि जमीन भिजून पाणी वाहायला लागेपर्यंत ती तशीच राहू द्या. पाणी कोणत्या बाजूला सरकतं, कुठे रेंगाळतं, कुठून वाफ्यात उतरतं ते बघा आणि त्या त्या जागी खुंटी ठोका. जोराची सर येऊन गेली असेल तर नळीचीही गरज नाही. आज पाणी जिथून बाहेर पडतं आहे, नेमकी तिथेच तुम्ही काँक्रीटची कड घालणार आहात. म्हणजे शेताला घालतात तसा बांधच घालणार आहात, आणि बांध घातला की सांडवा हा ठेवावाच लागतो.

दुसऱ्या कुणीतरी कड घालून दिलेलं एक लॉन मला दाखवायला नेलं होतं. कड देखणी, अगदी सुतात. पण तिला लागून हातभर रुंदीचं गवत पिवळं पडलेलं. त्यात बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत नुसता चिखल, आणि त्याला कुजका वास. मुळांना हवा मिळेनाशी झाली की गवत असंच जातं, वरून कितीही खत घाला. शेवटी खालच्या बाजूची कड ड्रिलने भोसकून वाटा केल्या, तेव्हा ते पाणी हललं. तयार काँक्रीटला भोकं पाडणं फार कष्टाचं आहे. तेच ओतण्याआधी पाईपचे तुकडे ठेवून दिले असते, तर अर्ध्या तासाचं काम होतं.

तेव्हा खालच्या बाजूच्या कडेत दर दीड-दोन मीटरवर ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा आडवा ठेवा. पाईपचा तळ लॉनच्या मातीच्या पातळीला आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार. तोंडाशी जाळी आणि मूठभर खडी, म्हणजे माती वाहून जाणार नाही. घराच्या बाजूला मात्र असं तोंड काढू नका. भिंतीपासून बागेकडे मीटरला किमान दोन सेंटिमीटर उतार मिळाला पाहिजे, आणि वाफ्याची माती जोत्याच्या वरच्या पातळीपेक्षा वीतभर तरी खाली राहिली पाहिजे. घर आणि कड यांच्या मध्ये पाणी अडकलं तर ते भिंतीतच शिरतं.

ठिबकची नळी आणि दिव्यांची वायर कडेखालून पलीकडे जाणार असेल, तर तिथे रिकामा पाईप आधीच पुरून ठेवा. आज गरज नसली तरी एक-दोन जास्तीचे ठेवा आणि त्यांच्या जागा कागदावर लिहून ठेवा. चर खणण्याआधी जुने पाईप आणि केबल कुठून गेल्या आहेत तेही शोधून घ्या.

आता रेघ. वळणाची कड हवी असेल तर बागेची रबरी नळी उन्हात तापू द्या. ती मऊ पडते आणि हवी तशी वळते. ती जमिनीवर मांडून चार-पाच दिवस तशीच असू द्या. सकाळी बघा, वरच्या खिडकीतून बघा, तिच्या कडेने मॉवर ढकलून बघा. एक मीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या वळणात मॉवर नीट फिरत नाही आणि दर वेळी तिथलं गवत हाताने कापावं लागतं. नागमोडी रेघ कागदावर छान दिसते, पण जमिनीवर मोठी, सावकाश वळणंच चांगली दिसतात. सरळ कोपरा असेल तर ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण दोरीने मांडून काटकोन तपासा. सगळं पटलं की फक्की टाका. मिस्त्रींना बोलवायचं ते त्यानंतर.

कड जमिनीच्या वर किती ठेवायची? काही ठिकाणी जमिनीच्या पातळीला असलेली बघितली, काही ठिकाणी चांगली वीतभर उंच.

कडेने कोणतं काम करायचं आहे त्यावर हे ठरतं. लॉन कापणं सोपं व्हावं एवढाच हेतू असेल तर कड जमिनीच्या पातळीला ठेवा, १५ ते २० सेंटिमीटर रुंद. मॉवरचं एक चाक त्या पट्टीवरून चालतं, पातं गवताच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचतं आणि कात्री घेऊन बसावं लागत नाही. पट्टी मातीपेक्षा फार तर एक सेंटिमीटर वर असू द्या. त्याहून वर गेली की पात्याला लागते.

वाफ्यातली माती आणि आच्छादन अडवायचं असेल तर कड पाच ते सात सेंटिमीटर वर हवी. पालापाचोळ्याचं आच्छादन साधारण तेवढ्याच जाडीचं घालतात.

दोन्ही हवं असेल तर एल आकाराची कड घाला: लॉनच्या बाजूला सपाट पट्टी, वाफ्याच्या बाजूला उभा ओठ. फर्मा, म्हणजे माल ओतायचा फळ्यांचा साचा, लावायला थोडी जास्त मेहनत पडते, पण पुढे ती रोज वाचते. माझ्या मते लॉन आणि वाफा जिथे भिडतात तिथे यापेक्षा चांगली कड नाही. वरच्या धारा मात्र गोल करून घ्या. मुलं अनवाणी धावतात.

आणि वीतभर उंच म्हणाल, तर कडेच्या दोन्ही बाजूंच्या मातीत वीतभराहून जास्त फरक असेल तर तिला कड म्हणू नका. ती मातीचा दाब झेलणारी भिंत झाली. तिला रुंद पाया लागतो, मागे खडीचा थर लागतो. उतारावर आडवी कड घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. वरच्या बाजूला माती साठत जाते आणि दर पावसाळ्यात कड थोडी थोडी पुढे झुकते.

३० मीटर कड घालायची आहे, १५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड. सिमेंटच्या किती गोण्या लागतील? मालाचं प्रमाण काय ठेवू? गवंडी पाणी अंदाजाने घालतात, ते चालेल का?

आधी आकारमान काढू. ०.१५ गुणिले ०.१५ गुणिले ३० म्हणजे ०.६७५ घनमीटर. सांडलवंड आणि चराचा खडबडीतपणा धरून दहा टक्के वाढवा, साधारण पाऊण घनमीटर. उघड्यावरच्या कडेला मी १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि ३ भाग खडी हे प्रमाण ठेवते. त्यात एका घनमीटरला ५० किलोच्या आठ गोण्या लागतात, म्हणजे तुम्हाला सहा. एका गोणीत सुमारे ३५ लिटर सिमेंट असतं. त्या हिशेबाने गोणीमागे ५० लिटरच्या थोडी वर वाळू आणि १०५ लिटर खडी. एकाच मापाची बादली ठरवा आणि तीच शेवटपर्यंत वापरा. फावड्याने मोजलेला माल प्रत्येक घाण्याला वेगळा होतो आणि कडेवर तसे पट्टे दिसतात.

खडी २० मिलिमीटरपेक्षा मोठी नको. १० ते १२ मिलिमीटरची मिळाली तर पाईपच्या तुकड्यांभोवती आणि कोपऱ्यांत माल नीट बसतो.

पाण्याचं मात्र अंदाजावर सोडू नका. गोणीमागे २५ लिटर धरा, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल ओतायला सोपा जावा म्हणून पाणी वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या सोडून जातं. कड कमजोर होते, जास्त आकसते आणि वरचा थर पुढे भुकटीसारखा निघतो. मुठीत दाबलेला माल मूठ उघडल्यावर आकार धरून राहिला आणि बोटांमधून पाणी गळलं नाही, तर तो बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, कातडी भाजते. ते लगेच झोंबत नाही, त्यामुळे माणसं ओल्या मालात गुडघे टेकून तासभर काम करतात आणि संध्याकाळी जखमा दिसतात. रबरी हातमोजे, गमबूट, आणि गुडघ्याखाली फळी. कोरडी गोणी फोडताना नाकातोंडावर मास्क. घरचीच माणसं हे काम करणार असतील तर हे आधी, बाकी सगळं नंतर.

खाली पाया घालायचा का? आमची माती नुकतीच भरलेली आहे.

घालायचाच. भरावाची माती बसते आणि सगळीकडे सारखी बसत नाही. २५ सेंटिमीटर रुंद चर खणा, मोकळी माती पूर्ण काढा, तळाला पाणी शिंपडून धुमसाने ठोका. त्यावर पाच ते सात सेंटिमीटर मुरूम किंवा बारीक खडी, पुन्हा ठोकून. टाच दाबली तर ठसा उमटता कामा नये. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी माती असेल तर हा थर दहा सेंटिमीटर करा. भराव खूप खोल असेल तर एक पावसाळा जाऊ द्या आणि मग कड घाला. तोवर विटा नुसत्या उभ्या लावून भागवा.

वळणावर फर्मा कसा लावायचा? फळी वाकत नाही.

सरळ भागाला फळी आणि वळणाला ६ मिलिमीटर प्लायवूडच्या पट्ट्या. रात्रभर पाण्यात ठेवल्या तर सहज वाकतात. पत्र्याची पट्टीही चालते, पण तिला खुंट्या जवळ जवळ लागतात. वळणावर दर ३० सेंटिमीटरवर बाहेरून खुंटी ठोका, सरळ भागात ६० ते ७५ सेंटिमीटरवर. ओला माल फळीला बाहेर ढकलतो आणि एका जागी जरी फळी फुगली तरी ते पोट कायम दिसत राहतं. फर्म्याची वरची धार लेव्हल पाईपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तपासा. आतून तेलाचा हात फिरवा. ओतल्यावर दुसऱ्या दिवशी फर्मा काढता येतो. काढताना फळी हातोडीने ठोकून न काढता बाजूला सरकवत काढा, नाहीतर ओठाचे तुकडे निघतात.

कडेत सळई टाकली तर भेगा पडणार नाहीत ना? आणि मध्ये मध्ये जे खाचे मारतात ते फक्त शोभेचे असतात का?

हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. काँक्रीट सुकताना आकसतं, मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर. तुमची कड २० मीटर असेल तर तिला एकूण सेंटिमीटरभर लहान व्हायचं असतं. खालची जमीन तिला धरून ठेवते आणि ओढाताणीत ती तुटते. त्यात रोजचं ऊन-थंडी धरा. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर तीच २० मीटर कड सहा मिलिमीटर लांब-आखूड होते. एवढी हालचाल कुठेतरी व्हावीच लागते, सळई घाला वा न घाला. सळईमुळे भेग पडायची थांबत नाही. पडलेली भेग रुंद होत नाही आणि तिच्या दोन बाजू वर-खाली होत नाहीत, एवढं काम सळई करते.

खाचा म्हणजे कडेला "तुटायचं तर इथे तूट" असं सांगणं. खाच्यापाशी जाडी कमी असते, म्हणून भेग त्याच्या तळाशी, सरळ रेषेत पडते आणि कुणाला दिसत नाही. १५ सेंटिमीटरच्या कडेला दर एक ते सव्वा मीटरवर खाचा हवा आणि तो जाडीच्या किमान पाव भाग खोल, म्हणजे चार सेंटिमीटरच्या आसपास. नुसती थापीच्या टोकाने ओढलेली रेघ कामाची नाही. वळणाच्या सुरुवातीला आणि शेवटी, पाण्याच्या पाईपपाशी, रुंदी बदलते तिथे खाचा ठेवा. भेग स्वतःहून तिथेच पडायला बघते.

खाचा मारायची वेळ साधणं हे सगळं कसब. माल ओतून, दाबून, फळीने सपाट केला की वर पाण्याची चकाकी येते. ती असेपर्यंत हात लावू नका. ओलं चकाकणारं पाणी घोटून आत घातलं की वरचा थर मरतो. कोरडं सिमेंट भुरभुरवून ते पाणी टिपायची काहींना सवय असते. ते तर अजिबात करू देऊ नका, पुढे त्याचेच पापुद्रे निघतात. चकाकी विझून पृष्ठभाग मंद राखाडी झाला की अंगठा टेकवा. ठसा उमटावा, पण अंगठ्याला माल चिकटू नये आणि ठशात पाणी जमू नये. आता खाचा मारा, धारा गोल करा, शेवटचा हात फिरवा. कडक उन्हात ही वेळ झटकन येते आणि निघून जाते, म्हणून सकाळी लवकर ओता आणि एका वेळी हाताला झेपेल तेवढीच लांबी घ्या.

सळई घालायचीच असेल तर ८ मिलिमीटरची एक, कडेच्या मधोमध, सगळ्या बाजूंनी किमान चार-पाच सेंटिमीटर काँक्रीट येईल अशी. खाली दगडाचे छोटे तुकडे ठेवून ती उचलून धरा. जमिनीवर पडलेली सळई नुसती गंजते. मऊ मातीत आणि गाडीचं चाक चढण्याची शक्यता असेल तिथे सळई मी घालते, बाकी ठिकाणी आग्रह धरत नाही.

जिथे कड घराच्या पायरीला, भिंतीला किंवा जुन्या फरशीला भिडते तिथे १० ते १२ मिलिमीटरची थर्माकोलची पट्टी मध्ये घाला. त्या दोघांना एकमेकांना ढकलू देऊ नका.

तयार काँक्रीटचे ठोकळे आणून लावले तर? ओतकामाची कटकट नको वाटते.

सरळ कडेला उत्तम. कारखान्यातला माल दाबून बसवलेला आणि नीट ओला ठेवून पिकवलेला असतो. मात्र ते नुसते वाळूवर ठेवू नका, दोन पावसांत दातांसारखे पुढे-मागे होतात. खाली १:४:८ च्या (१ भाग सिमेंट, ४ भाग वाळू, ८ भाग खडी) हलक्या काँक्रीटचा आठ-दहा सेंटिमीटर थर आणि वाफ्याच्या बाजूने ठोकळ्याच्या निम्म्या उंचीपर्यंत त्याच मालाचा खांदा. दोन ठोकळ्यांत तीन-चार मिलिमीटर फट राहू द्या. वळणावर आखूड ठोकळे वापरा. लांब ठोकळ्यांनी केलेलं वळण तुटक तुटक दिसतं.

यंत्राने ओढत नेलेली सलग कड ही तिसरी तऱ्हा. ती पटकन होते आणि वळणं सुंदर घेते. तिचा माल कोरडट असतो आणि ती बहुधा जमिनीच्या वरच बसते. तेव्हा खालची ठोकाई आणि खाचे स्वतः उभं राहून करून घ्या.

कड घातली तरी हरळी वाफ्यात येतेच. काय चुकतं आहे?

हरळी दोन वाटांनी येते, वरून पळणाऱ्या कांड्यांनी आणि जमिनीखालच्या मुळ्यांनी. खालून येत असेल तर कड उथळ आहे. जमिनीखाली किमान १५ सेंटिमीटर जाऊ द्या. तरी एखादी मुळी त्याहून खोल जाते, पण लोंढा थांबतो. वरून येत असेल तर कडेवर आडवी पसरलेली कांडी दिसताच ओढून काढायची, दुसरा उपाय नाही. सपाट पट्टीचा इथे फायदा होतो: काँक्रीटवर ती लगेच नजरेला पडते आणि मुळं धरायला तिला माती मिळत नाही. खाच्यात आणि ठोकळ्यांच्या फटीत साठलेली माती मधून मधून खरवडून काढा. आणि कड घालण्याआधी वाफ्यातली हरळी मुळासकट निघाली होती ना, हेही बघा. आत राहिलेल्या तुकड्यापासून ती पुन्हा फुटते आणि बोल कडेला लागतो.

लॉनच्या कोपऱ्यात खूप जुना मोठा वृक्ष आहे. कड त्याच्या बुंध्याजवळून जाते आहे. चर खणताना मनगटाएवढं मूळ लागलं. तोडू का?

नका. काम तिथेच थांबवा आणि उघडं पडलेलं मूळ ओल्या गोणपाटाने झाका. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. पाच सेंटिमीटरपेक्षा जाड मूळ तोडलं की त्या बाजूचं अन्नपाणी तुटतं आणि झाडाचा आधारही जातो. कुजायला तिथूनच सुरुवात होते. वाऱ्यात झाड कोसळायला पुढे अनेक वर्षं लागली, तरी त्याचं कारण त्या चरात असतं.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. कड बुंध्यापासून लांब वळवून न्या, जितकी लांब तितकी चांगली. मोठ्या झाडाला दोन-तीन मीटरही जास्त नाहीत. ते जमत नसेल तर त्या टप्प्यात काँक्रीट नकोच. कड दोन्हीकडे नीट संपवा आणि मधल्या भागात सुटे दगड मांडा. मूळ जाडावलं की दगड सरकवता येतात. मुळावरच काँक्रीट ओतलं तर काही वर्षांत मूळ ते उचलून फोडणार, हे नक्की समजा. झाडाजवळचं खणणं हातानेच करा, यंत्र आणू नका. आणि कडेच्या निमित्ताने बुंध्याभोवती माती चढवू नका.

दोन वर्षांपूर्वी घातलेली कड जागोजागी फुटली आहे. सगळी उखडून नवी घालावी का, की डागडुजी चालेल?

फूट कशी आहे ते आधी वाचा, मग ठरवा. कड उखडणं हे शेवटचं पाऊल.

आडव्या, केसासारख्या भेगा साधारण सारख्या अंतरावर असतील तर ते आकसणं आहे. खाचे कमी पडले. त्यांना काहीच करू नका. फार तर कटर मशीनने भेगेवरच खाचा कापून घ्या, म्हणजे ती डोळ्यांना खुपणार नाही.

भेगेची एक बाजू वर आली असेल, बोट फिरवल्यावर पायरी लागत असेल, तर खालून कुणीतरी ढकलतं आहे, मूळ किंवा फुगणारी माती. किंवा दुसरी बाजू खचली आहे. तेवढा तुकडा खाच्यापासून खाच्यापर्यंत कापून काढा, खाली काय आहे ते बघा, कारण दूर करा आणि पाया ठोकून नवा तुकडा ओता. कारण तसंच ठेवून वरून माल भरलात तर पुढच्या वर्षी तीच भेग तिथेच.

कडेच्या लांबीने, मधोमध पळणारी भेग आणि तिच्यातून तांबूस पाणी, ही गंजलेल्या सळईची खूण. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. असा भाग वाचत नाही. काढावा लागतो.

वरचा थर नखाने खरवडला तर भुकटी निघते, पण खाली काँक्रीट घट्ट आहे? मग ओतताना पाणी जास्त झालं होतं किंवा नंतर पाणी मारलं गेलं नाही. सैल थर तारेच्या ब्रशने काढा. कड तिच्या जागी काम करत असेल तर रंगरूपासाठी ती फोडू नका.

आणि सगळी कड बाहेरच्या बाजूला कललेली असेल, तर तिच्या आतल्या बाजूला एक खड्डा खणून बघा. तिथे पाणी साठलेलं सापडेल असं मला वाटतं. आधी पाण्याला वाट करून द्या.

आम्ही राहतो तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. काही वेगळं करावं लागेल का?

हो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. काँक्रीटच्या पोकळ्यांत ते अडकलं की पृष्ठभाग सोलवटतो आणि जमिनीत अडकलं की कड वर उचलली जाते. तेव्हा हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरणारं मिश्रण मागा, त्या बुडबुड्यांत फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळते. खाली पाणी निचरणाऱ्या खडीचा जाड थर द्या. काम थंडी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी संपवा. नव्या कडेवर पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायचं मीठ टाकू नका, वाळू टाका.

नव्या कडेवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. शिवाय कडेलगतची हायड्रेंजिया पिवळी पडली आहे. दोन्हींचा संबंध आहे का?

ती बुरशी नाही. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेत सुकून पांढरा दिसतो. कोरड्या ब्रशने झाडून घ्या, मग थोड्या पाण्याने धुवा. काही महिन्यांत ते येणं कमी होत जातं. आम्ल ओतून साफ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, वाफा शेजारी आहे.

हायड्रेंजियाचा संबंध असू शकतो. ताज्या काँक्रीटचं पाणी फार अल्कधर्मी असतं. मातीचा सामू (pH) वाढला की आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडांना लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर तेच झालं आहे. निळं फूल गुलाबी होऊ लागलं असेल तर शंकाच नको. हायड्रेंजिया, अझालिया, अनंत ही मंडळी कडेपासून फूटभर तरी आत असू द्या. आणि ओतकामाच्या दिवशी घमेली, फावडी वाफ्यात धुतली होती का तेही विचारा. एका जागी सांडलेलं ते पाणी अख्ख्या कडेपेक्षा जास्त नुकसान करतं. तिथली वरची माती वीतभर काढून चांगली कुजलेली पानमाती भरा.

कडेला पाणी मारणं मात्र या भीतीने थांबवू नका. किमान सात दिवस ती ओली राहिली पाहिजे, राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा. गोणपाट कडेवर अंथरून त्यावर झारीने पाणी घाला, म्हणजे ते वाफ्यात वाहत नाही. कडेलगतची नवी रोपं हे दिवस संपल्यावर लावा.